वाड्यातले बिऱ्हाड : लिनक्समधील बंदिस्त परिसर आणि पॅकेजांचे नूतनीकरण

(बी. ए. भाग २)

वार्षिकांकासाठी लेख मागविण्यात आले तेव्हा वर्गातील मित्रांनी कविता दिल्या, कोणी कथा दिली, एकाने सहलीचे वर्णन दिले. मजजवळ यांपैकी काहीच नव्हते. माझ्या हातून घडलेली एक चूक मात्र होती. ती नीट समजावून सांगितली तर आपल्यापैकी दोघा-चौघांचे तरी लिखाण वाचेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. संगणकशास्त्र कोठे शिकलेलो नाही. जाणकारांस माझे विवेचन काही ठिकाणी बाळबोध वाटेल. त्यांनी सांभाळून घ्यावे.

विषयाकडे कसा वळलो

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. नांदुऱ्यातील एका जुन्या वाड्यात आमचे भाड्याचे बिऱ्हाड आहे. घरात संगणक नाही. आहे तो एक ॲन्ड्रॉइड फोन, आणि तो मी व धाकटी बहीण मिळून वापरतो.

पहिल्या वर्षी लोकसाहित्य शिकविताना सरांनी सांगितले की, घरातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मला तेव्हाच प्रथम कळले. माझ्या आजीस ओव्या येतात. मी तिच्याजवळ बसून त्या फोनवर टंकू लागलो.

पुण्यास एक मावसभाऊ संगणकाच्या कामावर आहे. त्यास मी दादा म्हणतो. त्याने विचारले, "या ओव्यांत 'माहेर' हा शब्द किती वेळा आला, 'भाऊराया' किती वेळा, हे तू काय बोटांवर मोजणार?" मग त्यानेच फोनवर टर्मक्स नावाचे ॲप घ्यायला लावले आणि त्याच्या आत डेबियन लिनक्स कसे बसवावे ते फोनवरून सांगितले. अशा रीतीने, घरात संगणक नसताना, माझ्या हाती लिनक्स आले. मजकुरातील शब्द वेगळे करणे, त्यांचा क्रम लावणे, एकेक शब्द किती वेळा आला ते मोजणे, ही कामे तेथे एकेका ओळीच्या आज्ञेने होतात.

बंदिस्त परिसर म्हणजे काय ?

हे समजण्यास मला आमच्या वाड्याचा उपयोग झाला. वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत. प्रत्येकाची चूल वेगळी, भांडी वेगळी, कुलूप वेगळे. आम्ही आमच्या खोलीस रंग दिला तरी शेजारच्या खोलीच्या भिंती होत्या तशाच राहतात. वाड्याची विहीर मात्र एकच आहे. पाणी सर्वांस तिचेच; आणि तिच्यावरची मोटार बदलायची झाली तर ती घरमालकच बदलू शकतो.

फोनमध्ये नेमके असेच आहे. फोनच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे; त्यास कर्नल म्हणतात. ॲन्ड्रॉइड त्याच्याच आधाराने चालते. ही झाली विहीर. टर्मक्स हे एक बिऱ्हाड. त्याच्या पोटात प्रूट-डिस्ट्रो या साधनाने डेबियनचे दुसरे बिऱ्हाड थाटता येते. डेबियनच्या आत गेले म्हणजे सर्व मांडणी पूर्ण संगणकाची दिसते. त्याचे मूळ फोल्डर, त्याची साधने, त्याची पॅकेजे, सर्व त्याचे स्वतःचे. आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला वाटते की, सारे जग एवढेच. वास्तविक तो फोनमधील एका फोल्डरात राहत असतो. अशा मांडणीस मी येथे 'बंदिस्त परिसर' म्हटले आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या घडणीत 'सीएच-रूट' ही सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवून 'हेच तुझे मूळ घर' असे सांगायचे, एवढेच ती करी. पुढे २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत 'जेल' नावाची अधिक कडक सोय आली, आणि २०१३ साली डॉकर प्रसिद्ध झाल्यावर 'कंटेनर' हा शब्द सर्वतोमुखी झाला. प्रूटची गंमत अशी की, त्यास फोनच्या मालकी हक्काची, म्हणजे 'रूट' अधिकाराची, गरज लागत नाही. आतला प्रोग्रॅम कर्नलकडे एखादी फाईल मागतो तेव्हा प्रूट ती मागणी मध्येच अडवून तिचा पत्ता बदलून देते. त्यामुळे हा आडोसा पडद्याचा आहे, दगडी भिंतीचा नाही. तो गोंधळ टाळतो. चोरास अडविण्याचे काम त्याजवर सोपवू नये.

डेबियनविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तो जगभरचे स्वयंसेवक चालवितात. आपल्याकडे सी-डॅकने सिद्ध केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्सही डेबियनच्याच पायावर उभी आहे. डेबियनच्या भांडारात 'लोहित' नावाचा देवनागरी टंक पॅकेजरूपाने मिळतो. हा टंक मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेला. रेड हॅटने तो सर्वांस खुला केला. परदेशी वाटणाऱ्या या भांडारात आपल्या मुलखातील कामही आहे, हे पाहून मला बरे वाटले.

नूतनीकरणाच्या पायऱ्या

लिनक्समध्ये प्रत्येक साधन हे एक पॅकेज असते. त्यांत दोष सापडतात, सुरक्षेची भगदाडे सापडतात, आणि दुरुस्त आवृत्त्या भांडारात येतात. त्या आणून जुन्यांच्या जागी बसविणे म्हणजे नूतनीकरण, अर्थात अपग्रेड. डेबियनमध्ये हे काम 'ॲप्ट' करते. (आज्ञा इंग्रजी अक्षरांनीच टंकाव्या लागतात, येथे उच्चार देवनागरीत देत आहे.)

पहिली पायरी 'ॲप्ट अपडेट'. नवशिक्याचा येथे हमखास घोटाळा होतो. या आज्ञेने एकही पॅकेज नवे होत नाही. भांडारात काय काय आले आहे त्याची यादी फक्त ताजी होते. बाजारात जाण्यापूर्वी भावफलक वाचावा, तसे हे आहे. ही यादी भांडाराच्या सहीनिशी येते, आणि सही जुळली नाही तर ॲप्ट तसे बजावते.

दुसरी पायरी 'ॲप्ट लिस्ट' या आज्ञेस 'अपग्रेडेबल' हा शब्द जोडून, काय बदलणार ते पाहणे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळीत असे.

तिसरी पायरी 'ॲप्ट अपग्रेड'. हिने नव्या आवृत्त्या उतरवून घेतल्या जातात व बसविल्या जातात. गरज पडल्यास एखादे नवे पॅकेजही येते, परंतु असलेले पॅकेज काढून टाकले जात नाही. 'ॲप्ट फुल-अपग्रेड' ही आज्ञा मात्र आवश्यक तेथे जुने काढूनही टाकते. म्हणून तिच्या आधी यादी वाचणे दुप्पट जरुरीचे.

बसविण्याचे प्रत्यक्ष काम 'डीपीकेजी' हा हाताखालचा कारागीर करतो, आणि ते दोन टप्प्यांत होते. प्रथम पॅकेज उलगडून त्यातील फायली जागच्या जागी ठेवायच्या. नंतर त्याची जुळणी करायची. हे दोन टप्पे लक्षात ठेवावेत. माझ्या चुकीचे मूळ येथेच आहे.

मध्येच एक प्रश्नही येतो. एखादी मांडणीची फाईल आपण हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजातही ती बदललेली असेल, तर 'तुमची ठेवू की नवी घेऊ?' असे विचारले जाते. काहीच न लिहिता एन्टर दाबले तर आपली जुनी राहते. उत्तर देण्यापूर्वी 'डी' दाबून दोहोंतील फरक पाहता येतो. घाईत 'वाय' दाबू नये.

आणखी एक मुद्दा. टर्मक्स आणि त्याच्या आतील डेबियन ही दोन वेगळी बिऱ्हाडे असल्याने दोघांचे अपग्रेड वेगवेगळे करावे लागते. बाहेर 'पीकेजी अपग्रेड', आत 'ॲप्ट अपग्रेड'. एकाचे केल्याने दुसऱ्याचे होत नाही. दोघांची मूळ सी-लायब्ररीच निराळी आहे. टर्मक्स ॲन्ड्रॉइडची 'बायोनिक' वापरते, डेबियन 'जीलिब-सी' वापरते. म्हणून एकाचे पॅकेज दुसऱ्यात नेऊन चालत नाही. आणि आत कितीही अपग्रेड केले तरी फोनचा कर्नल बदलत नाही. विहीर घरमालकाची!

माझी चूक

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आजीच्या बासष्ट ओव्या टंकून झाल्या होत्या. पूर्वी मी त्या फोनच्या टिपणवहीत ठेवीत असे. पण आतून शब्द मोजणे सोयीचे म्हणून ती फाईल मी डेबियनच्या आत, त्याच्या घरच्या फोल्डरात हलविली. बाहेरची प्रत पुसून टाकली. फोनमध्ये जागा कमी होती, हे एक कारण. आणि 'बंदिस्त म्हणजे सुरक्षित' असा समज, हे दुसरे.

एका संध्याकाळी ॲप्ट अपग्रेड लावले. पॅकेजे बरीच साचली होती. वीज गेलेली होती आणि बॅटरी थोडीच उरली होती, तरी मी थांबलो नाही. उतरविणे संपले, उलगडणे सुरू झाले, आणि फोन बंद पडला. रात्री वीज आल्यावर आत जाऊन पाहतो तो ॲप्ट काही करू देईना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत : डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, अमुक आज्ञा हाताने चालवा.

त्या ओळीत उपाय लिहिलेला होता. 'डीपीकेजी' पुढे 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे शब्द जोडून दिले की, अर्धवट राहिलेली जुळणी तो कारागीर पुरी करतो. मी ती ओळ वाचली नाही. इंग्रजीत लाल अक्षरे दिसली की माझी छाती धडधडते. ही सवय शाळेपासूनची आहे. काहीतरी मोडले, घरचा एकुलता फोन बिघडला, आता वडिलांस काय सांगू, एवढेच डोक्यात. कोठेतरी वाचलेले आठवले की, बिघडल्यास 'प्रूट-डिस्ट्रो रिसेट' करावे. केले. थोड्या वेळात नवेकोरे डेबियन तयार झाले. एकही तक्रार नाही. मला हायसे वाटले.

मग मी घरचे फोल्डर उघडले. ते रिकामे होते.

रिसेट म्हणजे जुने बिऱ्हाड समूळ उचलून फेकायचे आणि नवे थाटायचे. बॅटरी संपल्याने ओव्यांस काहीही झाले नव्हते. अपग्रेडने त्यांस हातही लावला नव्हता. त्या मी पुसल्या.

दादास फोन केला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "अरे, भिंत बाहेरच्यांना आतल्या पडझडीपासून वाचवते. आत जो बसलाय त्याला कोण वाचवणार?" फोनमधील सर्व काही, बहिणीची छायाचित्रेसुद्धा, जागच्या जागी होते. बंदिस्त परिसराने आपले काम चोख केले होते. माझा समज मात्र उलटा होता.

क्रमाचा प्रश्न

मराठीच्या अभ्यासकांस रुचेल असा एक अनुभव येथे सांगतो. त्याचा नूतनीकरणाशी जवळचा संबंध आहे. ओव्यांतील शब्दांचा क्रम लावण्यासाठी मी 'सॉर्ट' ही आज्ञा दिली तेव्हा प्रथम 'माळ' आला, मग 'मावशी', मग 'माहेर'. आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. तेव्हा 'मावशी, माहेर, माळ' असा क्रम हवा. असे का झाले? युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' ची जागा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. परिसरास कोणत्या भाषेचे नियम पाळायचे ते सांगितले नाही, तर तो तक्त्यातील क्रमांकच पाहतो.

भाषेचे हे नियम जीलिब-सी या लायब्ररीबरोबर येतात, आणि तीही एक पॅकेजच असल्याने अपग्रेडमध्ये बदलू शकते. २०१८ साली तिच्या २.२८ या आवृत्तीत क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले गेले. त्या वेळी जुन्या क्रमाने रचलेल्या पोस्टग्रेसच्या माहितीसाठ्यांच्या सूच्या नव्या नियमांशी जुळेनात व त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. कोणी काही मोडले नव्हते. फक्त वर्णक्रम बदलला होता. सांगण्याचे तात्पर्य, नवे म्हणजे निर्धोक असे नाही. नव्याची परीक्षा आधी कोठेतरी बाजूला घ्यावी, आणि बंदिस्त परिसराचा खरा उपयोग यासाठीच आहे. तेथे अपग्रेड करून पाहावे, जुने व नवे उत्तर ताडून पाहावे, आणि पटले तरच मुख्य कामाला हात घालावा. मोडले तर एक बिऱ्हाड मोडते, वाडा नाही.

आता मी काय करतो

या प्रकरणापासून मी पुढील क्रम ठरविला आहे.

(१) लिखाण बिऱ्हाडाच्या आत ठेवीत नाही. प्रूट-डिस्ट्रोत फोनच्या सामाईक साठ्याकडे उघडणारी एक खिडकी असते. माझ्या फायली त्या साठ्यात असतात. आतून फक्त वाचतो. ही खिडकी दोन्हीकडून उघडी असते, हेही ध्यानात असावे. आतून चुकीने पुसले तर बाहेरचेही पुसले जाते. नवखा प्रयोग करायचा असेल तेव्हा 'आयसोलेटेड' हा शब्द जोडून आत शिरतो, म्हणजे खिडकी बंद राहते.

(२) अपग्रेडच्या आधी 'प्रूट-डिस्ट्रो बॅकअप' ने सबंध बिऱ्हाडाची एक गाठोडी-फाईल करून बाहेर ठेवतो. पुढे बिघडलेच तर 'रिस्टोअर' ने ते होते तसे परत मांडता येते. खिडकीबाहेरच्या फायली या गाठोड्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते.

(३) फोन चार्जरला लावल्याशिवाय आणि पुरेशी जागा असल्याशिवाय सुरुवात करीत नाही. उतरविलेल्या फायली जागा अडवून बसतात. काम झाल्यावर 'ॲप्ट क्लीन' ने त्या काढतो.

(४) अपडेट, मग यादी, मग अपग्रेड. यादी वाचल्याखेरीज होकार देत नाही.

(५) चूक दाखविणारी ओळ आली तर ती वहीत उतरवून घेतो, शब्दकोश काढून तिचा अर्थ लावतो, आणि मगच हात लावतो. बहुतेक वेळा उपाय तिच्यातच असतो. 'रिसेट' हा अखेरचा उपाय.

यातील पाचवा नियम माझ्यासारख्या, घरात इंग्रजीचा वारा नसलेल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते. ती ओळ आपणास रागावत नसते. ती आपल्याशी बोलत असते.

उपसंहार

ओव्या गेल्याचे आजीस सांगावयास मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, "काहून इतका कष्टी होऊन राह्यला रे बाबू? पुन्हा सांगतो तुले." मी वही घेऊन बसलो. चौदा-पंधरा ओव्या झाल्या आणि ती थांबली. पुढचे तिला आठवेना. म्हणाली, हात रिकामा आहे, अशाने गाणे येत नाही. वाड्याच्या मागच्या पडवीत जुने जाते उलटे पडले होते. ते मी व वडिलांनी मिळून आत आणले, धुतले. मूठभर ज्वारी घालून ती बसली, आणि खुंटा फिरू लागताच ओव्या येऊ लागल्या.

एकूण अठ्ठेचाळीस मिळाल्या. त्यांतील काही पहिल्या वेळी नव्हत्याच. पहिल्या बासष्टांपैकी किती गेल्या हे मला सांगता येत नाही, कारण ताडून पाहण्यास प्रतच उरलेली नाही. आता एक प्रत फोनच्या साठ्यात आहे, एक दादाजवळ पुण्यास आहे, आणि एक मी शाईने वहीत लिहून काढली आहे. ती वही मराठी विभागात सरांकडे दिली आहे.

डेबियनचे अपग्रेड मी अजूनही करतो, आणि भीती न बाळगता करतो. मोडले तर मोडो, ते पुन्हा उभे करता येते. ज्याची दुसरी प्रत जगातल्या कोणत्याच भांडारात नाही ते आधी बाहेर काढून ठेवले, म्हणजे झाले. आपल्यापैकी ज्यांच्याकडे घरच्यांचे असे काही टंकलेले असेल, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी त्याची एक प्रत करावी, एवढीच विनंती.